मोघ्यांची पांढरी तार

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी आठ वाजता मी अंगणात पोतं अंथरलं आणि उताणी होऊन पिकअपमागच्या ट्रेलरखाली सरकले. डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरच्या मागच्या सगळ्या बत्त्या लुकलुकत होत्या, आणि ब्रेक दाबला की उजळण्याऐवजी मंद होत होत्या. दुसऱ्या दिवशी ट्रेलर झाशीहून मोठ गावच्या मंडीत न्यायचा होता. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती, आणि ट्रेलरवर बसवलेली बी साफ करायची मशीन हाच माझा धंदा आहे. पेरणी उरकली की वर्षभर तिला कुणी विचारत नाही.

आमचा ड्रायव्हर हल्के केबिनमध्ये बसून मी सांगेन ते दाबत होता.

"ब्रेक!"

"दबो है, जिज्जी."

"आता इंडिकेटर!"

"नाच रईं बत्तीं. सबरी नाच रईं."

माझ्याजवळ दोन तारा जोडलेला एक साधा बल्ब होता. त्याची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली आणि दुसरी ट्रेलरच्या लोखंडाला टेकवली. लोखंडाचा बॅटरीच्या निगेटिव्हशी नीट संबंध असेल तर बल्ब लख्ख लागतो. मिस्त्री लोक त्याला 'अर्थ' म्हणतात. बल्ब काजव्यासारखा लागला. म्हणजे अर्थ गेला होता. सात पिनांच्या प्लगमधून निघालेली पांढरी तार मी चाचपत मागे नेली, तर ती हातभर जाऊन संपली. कापलेली होती. तिचं दुसरं टोक ट्रेलरच्या दांडीखाली, अँगलच्या खोबणीत वेटोळं करून लाल-पिवळ्या नाड्यानं बांधून ठेवलेलं होतं. पूजेच्या नाड्यानं. आणि गाठ माझी होती. पोत्यापासून पडद्यापर्यंत मी सगळ्याला तीच दुहेरी गाठ मारते.

ती तार दोन वर्षांपूर्वी मी कापली होती. तिच्यापायी एका दूधवाल्याचा खांदा मोडला, तेव्हा मोठच्या मंडीत चारचौघांत मी मोघे मिस्त्रींचं नाव घेतलं होतं. त्यानंतर त्यांचं दुकान चाललं नाही.

मोघे मला कधी आवडले नाहीत. आजही आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते.

त्यांचं दुकान लक्ष्मी गेटाबाहेर होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लोखंडी टेबल आणि भिंतीवर रंगाप्रमाणे टांगलेल्या तारांची वेटोळी. ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पिकअप असल्या गाड्यांची वायरिंग ते करत. उंच, पाठीत थोडे वाकलेले, सत्तरीच्या आसपासचे. शर्टाचं वरचं बटण कायम उघडं, आणि आतल्या जानव्याला दोन गोष्टी अडकवलेल्या असायच्या : टेबलाच्या खणाची किल्ली आणि फ्यूज उपटायचा छोटा चिमटा. गावातले लोक त्यांना पंडज्जी म्हणत. पूर्वज पूजापाठासाठी महाराष्ट्रातून आलेले. एक भाऊ बँकेत, एक शाळेत, आणि हे तारांत. त्यामुळे आमच्या मराठी मंडळींत त्यांचा उल्लेख निघाला की लोक जरा आवाज उतरवून बोलत.

झाशीतल्या मराठी माणसांच्या दोन पंगती आहेत. एक दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आलेल्या घराण्यांची, दुसरी आम्हा रेल्वेवाल्यांची. माझे वडील भुसावळहून बदलीवर आलेले गार्ड. मोघ्यांनी हे पहिल्या भेटीत विचारून घेतलं.

"आडनाव काय म्हणालात? म्हणजे रेल्वे कॉलनी. आम्ही इथे घोड्यावर आलो. आपण आलात पासावर."

मी म्हटलं, "आणि घोडा विकून टेस्टर घेतलात."

ते हसले नाहीत. "घोडा मेला. टेस्टर अजून चालतो. गाडीचा दोष सांगा."

मी सांगायला लागले : ट्रेलर नवीन आहे, बनवणाऱ्यानं नीट काम केलं नाही, मी त्याला दोनदा फोन केला. त्यांनी हात वर केला.

"एका वाक्यात सांगा. दुसऱ्या वाक्यापासून माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो."

"ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर लागतात."

"झालं की! उगीच रामायण."

मग त्यांनी कात्री घेतली आणि मला न विचारता ट्रेलर बनवणाऱ्याची सगळी वायरिंग तोडून माझ्या पायाशी टाकली. काळी चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे पाहिले की त्यांना किळस यायची. ती पट्टी ते नखानं सोलत आणि हात धूत. स्वतः प्रत्येक सांधा डाग देऊन जोडत, त्यावर नळी चढवत, आणि नळी थंड होईपर्यंत पुढच्या सांध्याला हात लावत नसत. चार तास मी स्टुलावर बसून होते. कुणाचा चहा ते घेत नसत आणि कुणाला पाजतही नसत. गिऱ्हाइकाला मात्र कामाला लावत. "ही तार धरा. अशी नाही. साप धरलाय का?" असं मला, बावन्न वर्षांच्या बाईला, रस्त्यावर.

सगळ्यात शेवटी त्यांनी एक जाड पांढरी तार काढली. एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्याला, तिथून दांडीच्या पुढच्या बोल्टला, आणि बोल्टवरून थेट प्लगमध्ये. मी म्हटलं, "ही कशाला? अर्थ सगळे लोखंडातूनच घेतात. ट्रेलर पिनेनं गाडीला जोडलेला असतोच."

"पिन ओढायला असते. तिला गंज लागतो, ग्रीस लागतं, चिखल लागतो. तिच्या भरवशावर दिवे ठेवायचे म्हणजे जावयाच्या भरवशावर म्हातारपण ठेवण्यासारखं."

"बाकीचे सगळे तसंच करतात."

"म्हणून बाकीच्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात."

काम चोख झालं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानं राग कमी झाला नाही, वाढलाच. जो माणूस उद्धट आहे तो निदान कामात तरी कच्चा असावा, अशी आपली अपेक्षा असते.

त्यांचा उद्धटपणा सगळ्यांना सारखा होता, एवढं म्हणायला हवं. एकदा मी तिथे असताना एका साहेबाची पांढरी गाडी आली. ड्रायव्हरनं दुकानासमोर उभं राहून तीन वेळा हॉर्न वाजवला. मोघे उठले, बॉनेट उघडलं, जानव्याचा चिमटा काढून हॉर्नचा फ्यूज उपटला आणि खिशात टाकला.

"पंडज्जी, साहब की गाड़ी है!"

"तो साहब से कहिए उतरकर आवाज़ दें. मैं बहरा नहीं हूँ."

"अरे, फ्यूज तो दीजिए!"

"नंबर आने पर. अभी बहनजी का नंबर है."

मी म्हटलं, आधी त्यांचं करा, मला घाई नाही. त्यावर ते मला मराठीत म्हणाले, "आपण मोठेपणा घेऊ नका. नंबर आपला नाही, गाडीचा आहे." ड्रायव्हर तासभर ताटकळत राहिला. त्या तासात एकदा त्यानं चुकून हॉर्नवर हात ठेवला आणि आवाज आला नाही, तेव्हा मोघ्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याला हसू म्हणायचं तर म्हणावं.

हे दुसऱ्याच्या बाबतीत पाहायला मजा येते. माझ्यावर पाळी आली ती आमच्या गणेशोत्सवात. मराठी मंडळींचा एकच मंडप, त्या वर्षी सेक्रेटरी मी. रोषणाईचं काम मोघ्यांना दिलं होतं. उकाडा फार, म्हणून मी संध्याकाळी दोन कूलर आणले आणि जवळच्या सॉकेटात लावले. त्याच तारेवर माळा होत्या. आरती सुरू झाली. 'सुखकर्ता' पहिल्या कडव्यात असतानाच सगळा मंडप काळोखात गेला. कुणीतरी ओरडलं, मुलं किंचाळली. मोघे मेन स्विचपाशी उभे होते, हातात टॉर्च.

"मी बंद केलंय," ते म्हणाले. "तार हाताला भाजतेय. कूलर कुणी लावले?"

दीडशे माणसं. टॉर्चचा उजेड फिरत फिरत माझ्या तोंडावर येऊन थांबला.

"सेक्रेटरीबाई, आरती अंधारात होते. जळत्या मंडपात होत नाही. कूलर काढा, मग लावतो."

मी सगळ्यांच्या देखत कूलरच्या वायरी काढल्या. त्यानंतर दिवे लागले, आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि घरी जाताना निदान सहा बायकांनी मला सांगितलं की मोघ्यांनी असं करायला नको होतं. त्या सहाही जणींना ते फार आवडलं होतं.

ते बाजूला बोलावून मला सांगू शकले असते. हे मी आजही म्हणते. पण त्यांच्याकडे बाजूला असं काही नव्हतंच. जे असेल ते समोर, टॉर्च मारून. "दिवा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य, आणि ते म्हणताना ते समोरच्या माणसाकडेच बघत.

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी आली तेव्हा माझ्या मनात हे सगळं होतं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. घरात विळी, कात्री, पक्कड. माझ्याकडे मशीन आणि ट्रेलर. म्हणून आदल्या आठवड्यात मी ट्रेलर धुऊन रंगवायला काढला. पेंटरला दांडीखालची पांढरी तार आडवी येत होती. वेष्टणही एका जागी घासलं होतं. तो म्हणाला, ही बाजूला करा. बाजूला करता आली असती. मी पक्कड घेतली आणि कापली. ही मोघ्यांची फालतू हौस आहे, बाकीच्या सगळ्या गाड्या हिच्याशिवाय चालतात, हे मला सिद्ध करायचं होतं. पाहायला कुणी नव्हतं, तरी सिद्ध करायचं होतं. खंडेनवमीला पूजा करताना ते लोंबतं टोक दिसलं, वाईट दिसलं, म्हणून वेटोळं करून उरलेल्या नाड्यानं वर बांधलं.

बत्त्या लागत होत्या. मी खूश.

पूजेला मी हळद-कुंकू वाहिलं. हल्केचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं वाटीभर शेंदूर तेलात कालवला आणि ट्रेलर जिथे गाडीला जोडतात त्या पिनेला, कड्याला, चारी बाजूंनी चोपडला. "जोई तौ गरो है, जिज्जी. पूरो जोर इतईं परत है." सगळा भार गळ्यावर येतो, तर शेंदूरही गळ्यालाच हवा. मला त्यात चूक दिसली नाही. नवा रंग, त्यावर तेल, त्यावर शेंदूर. बत्त्यांतल्या विजेला परतीची वाट म्हणून आता तेवढी एक पिनच उरली होती, आणि तिला आम्ही देव करून ठेवलं.

चार दिवसांनी दिवेलागणीला हल्के मोठच्या रस्त्यानं परत येत होता. मागून परबत नावाचा दूधवाला मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. हल्केनं म्हशी पाहून ब्रेक दाबला. ट्रेलरच्या बत्त्या उजळल्या नाहीत, मिणमिणल्या. परबत येऊन धडकला. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण डावा हात अजून कानाच्या वर जात नाही.

दुसऱ्या दिवशी मोठच्या एका मिस्त्रीनं पिन कानशीनं घासली आणि बत्त्या लागल्या. "अर्थ कच्चो हतो," तो म्हणाला. "वायरिंग कीनें करी?"

मंडीच्या फाटकाशी बरीच माणसं जमली होती. आढतिये म्हणजे धान्याचे अडते, ट्रॉलीवाले, परबतचे नातेवाईक. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "झाँसी के मोघे मिस्त्री ने."

तेव्हा मला ती तार आठवली नव्हती, असं मी म्हणू शकते. खरं सांगायचं तर आठवून पाहण्याचं काम मी केलं नाही. नाव तोंडात तयारच होतं.

मोठ, मऊरानीपुर, सगळीकडचे ट्रॉलीवाले मोघ्यांचं गिऱ्हाईक. महिन्याभरात ते सगळे दुसऱ्या मिस्त्र्यांकडे जायला लागले. परबतचे नातेवाईक दुकानावर जाऊन शिव्या देऊन आले. परबत स्वतः, हात गळ्यात बांधलेला, तीनदा जाऊन आला.

अपघातानंतर आठ दिवसांनी मोघे आमच्या गेटाशी आले. चालत. नमस्कार वगैरे नाही.

"ट्रेलर दाखवा."

"हात लावायचा नाही."

"हात लावत नाही. पांढरी तार दाखवा. तेवढीच. दुरून."

"माझ्या ट्रेलरचा निकाल लागलाय, मोघे. मिस्त्रीनं पाहिलंय."

"त्यानं पिन पाहिली. मी पिनेवर काही ठेवलंच नव्हतं. मग पिनेत दोष निघेलच कसा? एवढा विचार करा."

मी विचार केला नाही. मी गेटाची कडी घातली. ते आणखी पाचेक मिनिटं बाहेर उभे होते, गजांतून ट्रेलरकडे बघत. तिथून त्यांना दांडीचा वरचा भाग दिसला असेल; खालचा दिसणं शक्य नव्हतं. मग गेले.

आणि आता ती तार, नाड्यासकट, माझ्या हातात होती. यंदाही आम्ही शेंदूर लावला होता. यंदाही बत्त्या मिणमिणल्या.

मी वेटोळ्याचं टोक कापून घेतलं, स्कूटर काढली आणि लक्ष्मी गेटाकडे गेले. पत्र्याच्या दुकानात आता कुणी मोबाइलची कव्हरं विकतं. घर आतल्या गल्लीत. दार उघडंच होतं. मोघे उंबऱ्याजवळ पाटावर बसले होते, पुढ्यात लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, एक गिझर. ज्या माणसानं ट्रकच्या वायरिंगला कधी चिकटपट्टी लावली नाही, तो माणूस मिक्सरचं बटण बदलत होता. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि स्क्रू फिरवत राहिले. या म्हणाले नाहीत.

मी तार पुढे धरली. "ही मी कापली होती. अपघाताच्या आधी. आज सापडली."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, तार हातात घेतली, कापलेलं टोक उजेडाकडे धरलं.

"पक्कड बोथट होती," ते म्हणाले.

"माफ करा, मोघे."

"हे मला कशाला सांगायला आलात? मला ठाऊकच होतं. त्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत कुणाला?"

"सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. कोण ऐकतं? बाई घरंदाज, स्वतःची गाडी, स्वतःची मशीन. आणि मी तोंडाळ म्हातारा." त्यांनी तार माझ्या पायाशी टाकली, पहिल्या दिवशी टाकली होती तशी. "माफी घरी ठेवा. ती दोघांत असते. आपण नाव घेतलंत फाटकाशी उभं राहून. मंडी उद्या उघडते."

"मी मंडळींना फोन करून..."

त्यांनी मिक्सरचं बटण दाबलं. रिकाम्या भांड्याचा तो खरखराट गल्लीभर झाला. मी बोलत होते, माझं मलाच ऐकू येईना. ते भांड्यावर हात ठेवून, खाली मान घालून, मिक्सर फिरवत राहिले. मी थांबले की बंद करायचे, तोंड उघडलं की सुरू. तिसऱ्यांदा मिक्सर सुरू झाला तेव्हा मी चपला घातल्या. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं, तर त्यांनी मिक्सर उलटा करून पुढचा स्क्रू काढायला घेतला होता.

संध्याकाळी मी नवी जाड तार आणली आणि बोल्टवरचा रंग खरवडून ती प्लगपर्यंत जोडली. डाग देऊन, नळी चढवून. हल्केनं ब्रेक दाबला, बत्त्या उजळल्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी मोठच्या मंडीच्या फाटकाशी पिकअप उभी केली. आढतिये येत होते, ट्रॉल्या लागत होत्या. मी दोन वर्षांपूर्वी उभी होते तिथेच उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "भाइयो, दो साल पहले मैंने यहीं मोघे मिस्त्री का नाम लिया था. गलत लिया था. तार मैंने काटी थी, अपने हाथ से. उनका काम पक्का था."

पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. एक म्हातारा आढतिया म्हणाला, "अरे जिज्जी, पुरानी बात हो गई. छोड़ो. चाय पियो." चार-पाच जण हसले. एका ट्रॉलीवाल्यानं विचारलं, "तौ पंडज्जी अब बैठत कितै हैं?" मी गल्ली सांगितली, घराची खूण सांगितली.

चहाच्या टपरीमागे परबत उजव्या हातानं कॅन उतरवत होता. त्याच्याकडे मी वेगळी गेले आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं कॅन खाली ठेवला.

"तौ हमने पंडज्जी खों जित्ती गारीं दईं, बे अब आपखों दें का?"

"दो," मी म्हटलं.

त्यानं शिव्या दिल्या. आधी हळू, मग आवाज चढला. माझ्यावर, माझ्या ट्रेलरवर, माझ्या बापावर. हल्केनं तोंड फिरवलं. मी हात बांधून उभी राहिले आणि शेवटपर्यंत ऐकल्या. त्याचा दम संपला, त्यानं कॅन उचलला आणि तो निघून गेला, तेव्हा मी हल्केला म्हटलं, चल, मशीन लाव. लोक बी घेऊन उभे आहेत.